नवी गाणी भरली की बॅटरी बसते: म्युझिक प्लेअरचं पुन्हा पुन्हा उद्भवणारं दुखणं

लक्षण आधी सांगतो. प्लेअर महिनाभर व्यवस्थित चालतो. मग एखाद्या रविवारी मी नवी गाणी भरतो आणि सोमवारपासून बॅटरी उतरायला लागते. रात्री पूर्ण चार्ज करून ठेवलेला प्लेअर सकाळी हातात घ्यावा तर अंग किंचित कोमट आणि बॅटरी निम्म्यावर. गाणं एकही वाजवलेलं नाही, स्क्रीन बंद, ब्लूटूथ बंद, वायफाय बंद. दोन-चार दिवस चडफडायचं, वैतागून फॅक्टरी रिसेट मारायचा, मोजकीच गाणी परत भरायची. सगळं सुरळीत. पुढच्या खेपेला मेमरी कार्ड पूर्ण भरलं की पहिले पाढे पंचावन्न.

तिसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगायला जरा लाज वाटते. बॅटरी बदलून घेतली. काढलेली जुनी बॅटरी मला परत मिळाली, ती ना फुगलेली होती ना दमलेली. नवी बसवली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

उलगडा झाला तो दुसऱ्याच प्लेअरमुळे. माझ्याकडे एक जुना, बटणांचा, काड्यापेटीएवढा प्लेअर आहे आणि एक अँड्रॉइडवर चालणारा टचस्क्रीनचा. रडतो तो नवा. सहज म्हणून नव्यातलं कार्ड काढून जुन्यात घातलं आणि दोन दिवस वापरलं. जुन्याची बॅटरी जागची हलली नाही, पण त्याने काही गाणी गुपचूप वगळली आणि काहींवर ‘फॉरमॅट चालत नाही’ असा संदेश दाखवला. म्हणजे एकाच कार्डाबद्दल एका प्लेअरची तक्रार फॉरमॅटची होती आणि दुसऱ्याची बॅटरीची. मूळ मात्र एकच, कार्डावरच्या काही नासक्या फाइली. जुना प्लेअर न कळलेली फाइल सोडून पुढे जातो. नवा सोडत नाही, तिच्यापाशी रात्रभर डोकं आपटत बसतो.

म्हणून दोन प्लेअरांची तुलना करताना ‘किती तास चालतो’ आणि ‘काय काय वाजवतो’ हे दोन वेगळे रकाने समजू नका. पहिल्या रकान्यातला आकडा दुसऱ्यावर अवलंबून असतो.

खोक्यावरचे तास कुठल्या गाण्यांचे?

बिघाड शोधायच्या आधी बिघाड खरंच आहे का ते बघा. निम्म्या वेळा माणूस चुकीच्या आकड्याशी तुलना करत असतो.

सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा वॉकमन घ्या, २०२३ मध्ये आलेला. कंपनी स्वतःच तीन वेगवेगळे आकडे देते: ४४.१ किलोहर्ट्झच्या (आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने) फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता दाबून लहान केलेल्या, फाइली वाजवल्या तर ३६ तासांपर्यंत, ९६ किलोहर्ट्झच्या फ्लॅक असतील तर ३२ आणि स्ट्रीमिंग असेल तर २६. यंत्र तेच, बॅटरी तीच. जाहिरातीत अर्थातच पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. आता कुणी वायफायवर स्ट्रीमिंग करत, दर गाण्याला स्क्रीन लावून, इक्वलायझर चालू ठेवून वीस-बावीस तासांत बॅटरी संपवली, तर प्लेअर बिघडलेला नाही.

बाकीच्या उत्पादकांचंही असंच असतं, फक्त सगळे इतकं फोड करून लिहीत नाहीत. एकाचे तास १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला तितके हजार बिट) एमपी३वर मोजलेले, दुसऱ्याचे फ्लॅकवर. एकाने आवाज बेताचा ठेवलेला, दुसऱ्याने त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. स्क्रीन मात्र सगळ्यांनी बंद ठेवलेली असते, हे धरूनच चाला. असे दोन आकडे शेजारी मांडून ‘हा दहा तास जास्त चालतो’ म्हणणं म्हणजे एकाचं अंतर मैलात आणि दुसऱ्याचं किलोमीटरमध्ये मोजण्यासारखं आहे.

वीज जाते कुठे

हिशोब साधा आहे. बॅटरीची क्षमता भागिले सरासरी खेच म्हणजे तास. समजा बॅटरी १२०० एमएएचची (मिलीअँपिअर-तास) आहे आणि गाणं वाजताना प्लेअर सरासरी ७५ मिलीअँपिअर खेचतो. सोळा तास मिळतील. तोच प्लेअर नीट झोपला आणि ३ मिलीअँपिअरच खेचायला लागला, तर पडून राहून ४०० तास, म्हणजे दोन आठवड्यांवर काढेल. पण झोपलाच नाही तर? रात्रीचे आठ तास गुणिले ७५, म्हणजे ६०० एमएएच. बरोबर निम्मी बॅटरी. माझ्या सोमवार सकाळच्या ‘निम्म्यावर’चा अर्थ मला हा गुणाकार केल्यावर कळला: आवाज येत नव्हता इतकंच, प्रोसेसर रात्रभर जागाच होता.

फाइलचा आकार आणि बॅटरी यांचं नातं पहिल्या आयपॉडपासूनचं आहे. २००१च्या त्या यंत्रात ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती आणि ३२ एमबी मेमरी. डिस्क सतत फिरत राहिली असती तर बॅटरी केव्हाच संपली असती. म्हणून ती थोडा वेळ फिरायची, गाण्यांचा एक मोठा घास मेमरीत टाकायची आणि थांबायची. १२८ केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खातं, त्यामुळे एका घासात बराच वेळ निघायचा. सीडीचा न दाबलेला आवाज १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला १० एमबीच्या वर. तोच घास तीन मिनिटांत संपणार आणि डिस्क पुन्हा उठणार. फॉरमॅट बदलला की बॅटरीचे तास कोसळायचे ते यामुळे, गाणं उलगडायला ताकद जास्त लागायची म्हणून नव्हे. आजही जुन्या आयपॉडमधली डिस्क काढून तिथे अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोक आहेत. त्यांना बॅटरी जास्त पुरते, कारण फिरणारं काही उरतच नाही.

आता डिस्क गेली, कार्डं आली, त्यामुळे हा फरक बराच बुजला आहे. तरी एक समज अजून चिकटून आहे, की फ्लॅक मोठी फाइल म्हणून ती बॅटरी खाते. फ्लॅक २००१ मध्ये आलं, आणि त्याची रचनाच अशी आहे की फाइल बनवताना कष्ट जास्त पडोत, उलगडताना ती हलकी राहते. शून्य ते आठ यांपैकी कोणत्याही पातळीवर दाबलेली असो, उलगडायचा भार जवळपास सारखाच पडतो. त्यामुळे बॅटरीसाठी म्हणून फ्लॅक पाचव्या पातळीवरून शून्यावर आणण्यात वेळ घालवू नका. मी घालवला आहे.

खरा खादाड म्हणजे एपीई, मंकीज ऑडिओ. ते फ्लॅकपेक्षा थोडं लहान होतं हे खरं, पण दाबायला जितके कष्ट पडतात जवळपास तितकेच उलगडायलाही पडतात. ‘एक्स्ट्रा हाय’ किंवा त्यावरच्या पातळीवर बनवलेली फाइल जुन्या, कमकुवत चिपच्या प्लेअरवर अडखळत वाजते किंवा वाजतच नाही. वाजली तरी प्रोसेसर पूर्ण वेगाने पळत असतो. उपाय सोपा आहे: एपीईचं फ्लॅक करून टाका. दोन्ही काहीही न गमावता दाबणारे प्रकार आहेत, त्यामुळे आवाजाचा एक कणही इकडचा तिकडे होत नाही.

डीएसडी या आवाज साठवायच्या प्रकाराची गंमत निराळी. एक बिट, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा, तेही दोन वाहिन्यांसाठी. मिनिटाला सुमारे ४२ एमबी. ज्या प्लेअरची डॅक चिप (आकड्यांचा आवाज करणारी) डीएसडी थेट घेते त्याला फारसं जड जात नाही. जो ‘डीएसडी चालतं’ असं लिहून आतल्या आत वाजवता वाजवता पीसीएममध्ये, म्हणजे सीडीसारख्या नेहमीच्या स्वरूपात, बदलतो, त्याला धाप लागते. तुलनेच्या तक्त्यात दोघांपुढेही बरोबरची तीच खूण असते.

बाकीचं थोडक्यात. इक्वलायझर आणि ‘आवाज सुधारणारे’ इफेक्ट चालू ठेवले की सगळ्याच फॉरमॅटमध्ये तास घटतात. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकवर दुप्पट अँप्लिफायर कामाला लागतात, तिथे उतार ठरलेला. ब्लूटूथवर एलडॅक या आवाज पाठवायच्या पद्धतीचा ९९० केबीपीएसचा पर्याय रेडिओला जास्त राबवतो. मात्र ब्लूटूथ म्हटलं की बॅटरी हमखास जास्त जाणार असंही नाही, कारण तेव्हा हेडफोनचा अँप्लिफायर मोकळा असतो. ज्या प्लेअरचा अँप्लिफायरच दणकट आणि भुकेला आहे तिथे उलटही होऊ शकतं.

माग कसा काढला

पहिली चाचणी एका रात्रीची. प्लेअर पूर्ण चार्ज करा, कार्ड काढा, एअरप्लेन मोड लावा, बंद न करता तसाच ठेवा. सकाळी बॅटरी दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त उतरली नसेल तर बॅटरी आणि प्लेअर दोघेही निर्दोष, गुन्हेगार कार्डावर आहे. उतरली असेल तर शेवटच्या भागाकडे वळा, तुमचं दुखणं वेगळं आहे.

दुसरी चाचणी: कार्ड घाला आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप स्कॅन’ बंद करा. बऱ्याच प्लेअरांत हा पर्याय असतो आणि तो मुळात चालू असतो. प्लेअर सुरू केला, कार्ड काढून घातलं, किंवा कम्प्युटरला लावून काढला, की दर वेळी तो सगळं कार्ड पुन्हा चाळतो. कम्प्युटरच्या यूएसबीवर रोज चार्ज करणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही: केबल काढली की स्कॅन सुरू.

स्कॅन बंद केल्यावर माझी बॅटरी टिकली. मग स्कॅन हाताने चालवला आणि समोर बसून पाहिला. मोजणी झरझर पुढे जात होती, ३८१२ वर येऊन थबकली. गोल चक्र फिरतंच आहे, आकडा हलत नाही. दहा मिनिटं वाट पाहिली, प्लेअर कोमट व्हायला लागला. जबरदस्तीने बंद केला, पुन्हा स्कॅन, पुन्हा ३८१२. तिसऱ्यांदाही तेच. असा ठरावीक आकड्यावर अडकणारा स्कॅन म्हणजे एक विशिष्ट फाइल घशात अडकली आहे.

ती शोधायची कशी? एकेक करून नव्हे. निम्मी फोल्डरं कम्प्युटरवर हलवा आणि स्कॅन करा. अडकला तर दोषी कार्डावर उरलेल्या निम्म्यात, नाही अडकला तर काढलेल्या निम्म्यात. दोषी ज्या बाजूला, तिचे पुन्हा दोन भाग. माझी चारशेच्या आसपास फोल्डरं होती, म्हणजे जास्तीत जास्त नऊ फेऱ्या. आठव्या फेरीत सापडली: एक फ्लॅक फाइल, अर्धवट कॉपी झालेली. त्या रविवारी मी कार्ड ‘इजेक्ट’ न करता ओढून काढलं होतं. फाइलच्या सुरुवातीची माहिती सांगत होती की मुखपृष्ठाचं चित्र आणि सहा मिनिटांचं गाणं आत आहे. प्रत्यक्षात फाइल चित्राच्या मध्येच तुटलेली. प्लेअर उरलेलं चित्र शोधत राहायचा, स्कॅनर कोसळायचा, यंत्रणा त्याला पुन्हा उभा करायची, तो पुन्हा त्याच फाइलपाशी यायचा. रात्रभर हेच.

फ्लॅकची एक सोय इथे फार कामाला येते. फाइल बनतानाच मूळ आवाजाची एमडी५ खूण तिच्यात लिहून ठेवलेली असते. फूबार२००० सारख्या कार्यक्रमात अख्खा संग्रह निवडून पडताळणी चालवली, की तुटक्या फाइलींची यादी हातात मिळते. एमपी३मध्ये अशी अख्ख्या गाण्याची खूण नसते, पण तोच कार्यक्रम फाइल पूर्ण उलगडून बघतो आणि खटकलेल्या जागा सांगतो. निम्मं-निम्मं करण्याआधी मी हेच करायला हवं होतं.

एवढं करूनही जुन्या प्लेअरवरची ‘फॉरमॅट चालत नाही’ ही तक्रार उरलीच. त्याच्या बोटभर पडद्यावर नीट डोळे फाडून पाहिलं तेव्हा दिसलं की प्रत्येक गाणं दोनदा आहे, आणि एका प्रतीच्या नावाआधी एक टिंब आणि एक खालची रेघ. ही मॅकची करणी. मॅकवरून एक्सफॅट किंवा फॅट३२ (फाइली मांडून ठेवायच्या पद्धती) असलेल्या कार्डावर फाइल कॉपी केली की तो स्वतःची जास्तीची माहिती ठेवायला शेजारी एक छोटी जुळी फाइल बनवतो. बहुतेकदा ४ केबीची, शेपटी (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) मात्र गाण्याचीच. मॅक ती दाखवत नाही, प्लेअर मात्र तिला गाणं समजतो. आठशे गाण्यांमागे आठशे भुतं. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘डॉट_क्लीन’ ही आज्ञा यासाठीच आहे. विंडोजवर लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, आकारानुसार लावा आणि टिंब-रेघवाल्या सगळ्या उडवा. आधी एखादी उघडून आकार बघा, म्हणजे हात थरथरणार नाही.

आणि कार्ड स्वतःच खोटं असू शकतं. नाव मोठ्या क्षमतेचं, आत मेमरी थोडी, त्यापुढे लिहिलेलं सगळं शून्यात जमा. सुरुवातीची गाणी छान वाजतात, ठरावीक मर्यादेनंतरची सगळी तुटकी निघतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही हत्यारं पूर्ण कार्ड लिहून-वाचून खरी क्षमता सांगतात. वेळ खातात, रात्री लावून ठेवा. जुन्या प्लेअरांसाठी अजून एक: ज्यांच्या माहितीपत्रकात फक्त एसडीएचसी लिहिलंय त्यांची कागदावरची मर्यादा ३२ जीबी असते. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि तो प्लेअर ती वाचत नाही. तेच कार्ड फॅट३२ केल्यावर कित्येकदा मुकाट चालतं. फक्त तिथे एका फाइलला ४ जीबीची हद्द आहे, गाण्यांना ती पुरून उरते.

शेपटीवर विश्वास ठेवू नका

‘माझा प्लेअर एम४ए वाजवतो, मग हे एम४ए का वाजत नाही?’ कारण एम४ए हे पेटीचं नाव आहे, पेटीत काय ठेवलंय त्याचं नव्हे. आत एएसी (एमपी३सारखा थोडं गमावून दाबणारा प्रकार) असेल किंवा अ‍ॅलॅक, म्हणजे अ‍ॅपलचा काहीही न गमावता दाबणारा प्रकार. दोघांची शेपटी एकच. अ‍ॅपलने २०११ मध्ये अ‍ॅलॅक सगळ्यांसाठी खुला केला, तरी स्वस्तातल्या कित्येक प्लेअरांत तो नाहीच. ओजीजीचंही तसंच, पेटीत व्हॉर्बिस असेल तर जुना प्लेअर वाजवेल, २०१२ चं ओपस असेल तर हात वर करेल. व्हीएलसी किंवा मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून कोडेकचं, म्हणजे आतल्या दाबायच्या प्रकाराचं, नाव वाचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यातली सगळ्यात फसवी केस मला एचई-एएसीची वाटते, कारण तिथे गाणं वाजतं. फक्त कापडाआडून आल्यासारखं वाजतं. कमी बिटरेटच्या या प्रकारात वरच्या पट्टीचे स्वर थेट साठवलेले नसतात, ते पुन्हा कसे उभे करायचे याच्या सूचना असतात. साधंच एएसी कळणारा प्लेअर त्या सूचनांकडे दुर्लक्ष करतो आणि खालची निम्मी पट्टी तेवढी वाजवतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर स्टिरिओचाही मोनो होतो. माणूस इअरफोन बदलतो, जॅक साफ करतो, आणि दोष असतो फाइल आणि प्लेअरच्या जोडीत.

फ्लॅक ‘चालतं’ म्हणजे कुठपर्यंत चालतं, हेही विचारा. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल दाबण्याआधी ९२१६ केबीपीएसची असते, सीडीच्या साडेसहा पट. ४८ किंवा ९६ वर थांबणारे प्लेअर तिच्यावर गप्प बसतात, खरखरतात किंवा आतल्या आत खाली आणून वाजवतात. ३२ बिटचं फ्लॅक २०२२ मध्ये फ्लॅकच्या १.४.० आवृत्तीपासून बनायला लागलं, त्याआधीचे प्लेअर ते कुठून ओळखणार? माझं मत विचाराल तर फिरत्या प्लेअरसाठी सगळं ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर आणून ठेवावं आणि मोठ्या फाइली घरच्या डिस्कवर राहू द्याव्यात. बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत, १९२ किलोहर्ट्झ ऐकू येतं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

रूपांतर करताना एकच पथ्य. फ्लॅक, अ‍ॅलॅक, एपीई, वेव्ह यांच्यात आपसात कितीही फिरा, काही जात नाही. यातून एमपी३ किंवा ओपस बनवा, एकदाच जे जायचं ते जाईल. पण डब्ल्यूएमए किंवा एएसीतून एमपी३ म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

आणि टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची-गायकाची माहिती. गाणं ठीक, पण यादीत नाव नाही, किंवा मराठी नावाच्या जागी चौकोन. चौकोन आले तर प्लेअरात देवनागरी फाँट नाही, त्याला इलाज फर्मवेअरचाच, म्हणजे प्लेअरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचाच. प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसला तर मात्र टॅग जुन्या पद्धतीचा आहे. एमपी३टॅग या कार्यक्रमात आयडी३ या टॅगपद्धतीची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ ही अक्षरं लिहायची पद्धत निवडून पुन्हा साठवा, जुन्या यंत्रांना ही जोडी सगळ्यात जास्त मानवते. मुखपृष्ठ दिसत नसेल तर चित्र बहुधा ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेग आहे. ते साधं जेपेग करा आणि पाचशे-सहाशे पिक्सेलवर आणा. प्रत्येक गाण्यात तीन हजार पिक्सेलचं चित्र कोंबलं तर स्कॅनही रांगतो आणि दर गाणं बदलताना प्लेअर घटकाभर थांबतो.

जुना प्लेअर चांगला आहे पण फॉरमॅट कमी पडतात, अशांनी रॉकबॉक्स आपल्या मॉडेलला चालतं का ते बघावं. हे फुकट, खुलं फर्मवेअर जुन्या आयपॉडलाही फ्लॅक, व्हॉर्बिस आणि ओपस शिकवतं. त्याची ४.० आवृत्ती २०२५ मध्ये आली, म्हणजे प्रकल्प जिवंत आहे. बॅटरीचे तास मात्र मॉडेलनुसार वाढतात किंवा घटतात, ते आपल्या यंत्रावरच मोजावे लागतात.

बॅटरीच गेली असेल तर

कार्ड काढूनही रात्रीत बॅटरी उतरते, ३० टक्क्यांवरून प्लेअर एकदम बंद पडतो, चार्जरला लावल्याबरोबर २५ दाखवतो: ही खरीच दमलेल्या बॅटरीची चिन्हं. लिथियमची बॅटरी काहीशे पूर्ण फेऱ्यांनंतर आक्रसतेच. मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्ज करू नका, काढून घ्या. महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा प्लेअर पूर्ण भरूनही ठेवू नका आणि रिकामाही. निम्म्याच्या आसपास बरा.

दोन गोष्टी बॅटरीच्या माथी उगाच मारल्या जातात. टाइप-सी तोंडाचा स्वस्त प्लेअर दोन्ही बाजू टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर मात्र होतो. त्यात चार्जरला ‘मी आहे’ असं सांगणारे छोटे रेझिस्टर बसवायचे राहिलेले असतात. केबल बदला, प्लेअर नव्हे. दुसरी, पॉवर बँक. छोटा प्लेअर शेवटी शेवटी इतकी थोडी वीज घेतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती बंद होते. सकाळी प्लेअर ८०-८५ टक्क्यांवरच दिसतो. साध्या चार्जरवर लावून बघा.

दोन प्लेअर शेजारी ठेवून तास मोजायचे असतील तर मी असं करतो: तीच यादी दोन्हीकडे, एकाच फॉरमॅटची, स्कॅन पूर्ण झालेला, तोच इअरफोन, कानाला सारखा वाटेल इतका आवाज (आकडा सारखा नव्हे, प्रत्येकाचा ५० वेगळा असतो), स्क्रीन बंद, इक्वलायझर बंद. मग लावायचं आणि विसरायचं. प्लेअर नेमका कधी बंद पडला ते पाहायला जागं राहावं लागत नाही, यादी शंभर गाण्यांची असेल तर कुठल्या गाण्यावर थांबला त्यावरून वेळ निघते. ही मोजणी एकदा एमपी३वर आणि एकदा आपण खरंच जे ऐकतो त्यावर. दुसरा आकडा आपला.

माझ्यापुरतं सांगायचं तर नव्या प्लेअरचा स्कॅन आता कायमचा बंद आहे, गाणी भरली की मी तो हाताने चालवतो आणि मोजणी शेवटापर्यंत पोचेतो समोरून हलत नाही. कार्ड इजेक्ट केल्याशिवाय काढत नाही. जुन्यावर ओपस वाजत नाही ते नाहीच, रॉकबॉक्स त्याच्या मॉडेलला नाही. त्या गाण्यांच्या एमपी३ प्रती मी मूळ फ्लॅकमधून बनवून कार्डावर वेगळ्या फोल्डरात ठेवल्या आहेत. फोल्डरचं नाव ‘आजोबांसाठी’.